रोडग्याला जेवून गेलेल्या दोघी

वऱ्हाडात कुणी रोडग्याला बोलावलं, तर सकाळपासून पोटात काही टाकू नये. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी कामाचं तेवढं हाती लागेल. आम्हा दोघींना हे माहीत असायला हवं होतं. आम्ही त्याच मातीत वाढलो. तरी ढाब्यावर हादडून रोडग्याला गेलो, आणि तिथे जे झालं ते अजून मनातून जात नाही. प्रवासवर्णन म्हणून लिहायला बसले आहे, कारण प्रवास झाला हे खरं आहे आणि वाशीम जिल्ह्याचं वर्णन कुणी फारसं लिहीत नाही. पण हे वर्णन एका जेवणाचंच होणार, याची मला कल्पना आहे.

आम्ही तिघी मालेगावच्या. मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिककडचं आठवतं. आमचं ते नव्हे. आमचं मालेगाव जहांगीर, वाशीमच्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. बी-बियाण्यांची दुकानं, एस.टी.ची धूळ आणि आता पायी चालायलाही जागा नाही इतक्या मोटारसायकली. नलिनी, मंदा आणि मी, सुनी, शाळेत एका बाकावर बसायचो. नली लग्न होऊन मस्कतला गेली. मी न्यूझीलंडला गेले. तिथे भाज्या निवडून खोक्यांत भरण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मंदाला शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात दिली. तिथे विहिरीखालचं तिचं भाजीचं वावर आहे. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि मुख्य म्हणजे वांगी. बी इंझोरीचं, तिच्या आजोळचं.

आमचा तिघींचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. दोन वर्षांपूर्वी माझं छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी त्यावर लिहिलं होतं: "ऑपरेशन झालं. ठीक आहे. प्रश्न नकोत." मला आजाराच्या गप्पा आवडत नाहीत. नलीने तरी गुलाबाच्या फुलांचे फोटो पाठवले. मंदाने काहीच लिहिलं नाही. मी ते मनात ठेवलं. बाई कामात असेल, किंवा तिला त्यातलं कळत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आता मी बरी आहे. या जानेवारीत नली नागपूरला भावाकडे येणार होती. मी म्हटलं, मीही येते, आपण गावाकडे जाऊ. मंदाला फोन केला तर तिने तारीख विचारली, मग कुणाशी तरी बोलली, आणि म्हणाली, "ये वं. त्या दिवशी रोडगे करतो. पक्कं ये, हं."

नागपूर ते वाशीम

नलीच्या भावाची गाडी घेतली. चालवायला नली. मस्कतला चालकाची जागा डावीकडे असते, त्यामुळे दर वळणाला ती दिव्याऐवजी काच पुसायची दांडी दाबायची. कोरड्या काचेवर वायपर करकरायचे, आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायचा. समृद्धी महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तो सरळ आहे.

आम्ही दोघी आठ वर्षांनी समोरासमोर भेटत होतो. ग्रुपवर काय बोललो असू ते सगळं वरवरचं होतं, हे पहिल्या चहालाच कळलं. नली खूप फिरली आहे. जॉर्जियात बर्फ पाहून आली, केनियात सिंह पाहून आली, आर्मेनियात तिचा पासपोर्ट हॉटेलच्या उशीखाली राहिला आणि विमान गेलं. हे सगळं ती हसून सांगत होती. मीही तिला दक्षिण बेटावरच्या हिमनदीबद्दल सांगितलं. तिथे आत जायच्या आधी बुटांचे तळवे घासून धुवावे लागतात, म्हणजे बाहेरची बी-माती आत जाऊ नये. नली म्हणाली, "म्हणजे आपलं गावच नको त्यांना." मी म्हटलं, "माझ्या कारखान्यातही हातमोजे घातल्याशिवाय वांग्याला हात लावता येत नाही."

शेलूबाजारला महामार्ग सोडला आणि नलीची भाषा बदलली. मस्कतची हिंदी गेली, पुस्तकी मराठी गेली. खिडकी खाली करून तिने जीपवाल्याला विचारलं, "दादा, मालेगावचा रस्ता हाच होय ना?" त्याने तिच्या गॉगलकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाव ताई, तुमी कोनाच्या?" हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये मला कुणी विचारलेला नाही. तिथे विचारतात, काय करता.

दोन्ही बाजूंना तूर कापणीला आलेली. मधेच हरभऱ्याची बुटकी हिरवळ, आणि कपाशीच्या पराट्यांवर उरलेली चार-दोन बोंडं. जानेवारीत हा मुलूख इतका सावरलेला असतो की उन्हाळ्यात तो कसा दिसतो ते आठवतही नाही. वाशीमला खोल्या घेतल्या होत्या. मंदाने "घरीच राहा" म्हटलं होतं, पण मी नको म्हणाले. न्यूझीलंडमध्ये पाहुणा किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार हे आधी सांगतो, आणि येताना एखादा पदार्थ घेऊन येतो. यजमानावर भार नको, हा त्यातला विचार. तो मला पटलेला आहे. निदान तेव्हा पटलेला होता.

मालेगाव

मंदाकडे दुपारी जेवायला जायचं होतं. सकाळी फक्त चहा घेऊन निघालो. इथवर सगळं बरोबर होतं.

मालेगावात शाळेपाशी गाडी थांबवली. फाटक बंद होतं. आत जाता येईना, म्हणून गाडीतच बसलो. समोर शाळेचा नवा रंग, पूर्वीच्या हातपंपाची जागा रिकामी. नलीने गॉगल काढला. मग म्हणाली, "सुने, तुला एक सांगू?"

तिचा मुलगा पोलंडमध्ये आहे. तिथल्या एका बाईबरोबर राहतो, तिला आधीची एक मुलगी आहे. नलीने हे सासरी सांगितलेलं नाही, माहेरी सांगितलेलं नाही. नवऱ्याचा मालवाहतुकीचा धंदा बसला आहे. परदेशांच्या सहली मागच्याच सालापर्यंतच्या. फोटो अजून टाकते इतकंच. मी तिला विचारलं, मुलगी कशी आहे. तर नलीने फोनवर तिचा फोटो दाखवला, सहा-सात वर्षांची, समोरचे दात पडलेले. "मला आजी म्हणते," नली म्हणाली, "अन् मी कुणाला सांगू शकत नाही."

मी पाठ थोपटणारी बाई नाही. मी तिला म्हटलं, भावाला आजच सांगून टाक, एकदा बोंबाबोंब होईल आणि संपेल. ती रडली, मग हसली, मग पुन्हा पोलंडबद्दल बोलायला लागली. मग मी माझ्या ऑपरेशनबद्दल बोलले, जे मी कुणाशी बोललेले नव्हते. अशा गप्पांना वेळेचं भान राहत नाही. घड्याळ पाहिलं तेव्हा जेवणाची वेळ होऊन गेलेली होती.

इथे मी विचार केला, आणि तो अगदी व्यवस्थित केला. म्हटलं, एवढ्या उशिरा गेलो तर मंदाने सगळं आवरून ठेवलेलं असणार. ती पुन्हा चूल पेटवणार, पुन्हा कणीक मळणार. त्यापेक्षा वाटेत खाऊन जाऊ. नलीलाही पटलं. मंदाला फोन लावला, तिने उचलला नाही. मी बोलून संदेश पाठवला: "मंदे, उशीर झालाय. आम्ही जेवूनच येतो. तू काही करत बसू नकोस." आपण किती समजूतदार, असंच वाटत होतं तेव्हा.

शेलूबाजारच्या अलीकडे एक ढाबा आहे. शेवभाजी इतकी जहाल की नाकातून पाणी आलं. ज्वारीची भाकरी, तेलात परतलेला ठेचा, कच्चा कांदा. दोघींनी दोन-दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर ताक घेतलं. नली म्हणाली, "जॉर्जियातलं सगळं चीज यावरून ओवाळून टाकावं." जेवण फार चांगलं होतं, हे लिहिताना लाज वाटते, पण होतं.

मंदाचं वावर

ज्यांनी रोडगे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गव्हाच्या जाड कणकेच्या पोळ्यांना तेल लावून, एकात एक गुंडाळून मुठीएवढा गोळा करतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. राख झटकून फोडला की आतून वाफ येते. त्यावर तूप, वरण आणि वांग्याची रस्सेदार भाजी. एकट्यादुकट्यासाठी रोडगे कुणी करत नाही. वावरात, देवापुढे, भाऊबंद बोलावून करतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे नवस असतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. फोनवर मंदाचं "रोडगे" ऐकलं तेव्हा त्यातलं मला फक्त जेवण ऐकू आलं.

गाडी पांदणीत उभी करून चालत गेलो. तुरीच्या ओळी संपल्या आणि विहिरीजवळचं आंब्याचं झाड दिसलं. झाडाखाली माणसं बसली होती. पुष्कळ माणसं. म्हातारे, बायका, मांडीवर पेंगणारी लेकरं. पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या, त्यांवर वाऱ्याने उडू नये म्हणून ढेकळं ठेवलेली. पत्रावळींत काहीही नव्हतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर लावलेला मारोती, त्याच्यापुढे नैवेद्य ठेवून झालेला, उदबत्ती जळून संपलेली. निखाऱ्यांजवळ मंदाचे मालक बसले होते. रोडगे थंड होऊ नयेत म्हणून ते पुन्हा पुन्हा राखेखाली सारत होते.

कुणीच जेवलेलं नव्हतं.

"आल्या माय, आल्या!" मंदा धावत आली. वाळली आहे, केस कानांवर पांढरे झाले आहेत, नऊवारीचा काष्टा तसाच. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि वर-खाली पाहिलं, बाजारात दुधी पाहतात तसं. "चांगली दिसून राह्यली वं सुने. अंगानं भरली."

"मंदे, तुझा फोन..."

"फोन घरी हाय. वावरात कायले आनू? चला, हात धुवा. लेकरं भुकेजली."

नलीने माझ्या दंडाला चिमटा काढला. "सांगू नको," ती पुटपुटली. "बस गप."

मी सांगायला हवं होतं. तिथेच, हात धुताना. पण एवढी माणसं आमच्यासाठी उपाशी बसलेली पाहून माझी जीभ उचलेना. आम्ही बसलो. वाढप सुरू झालं. मंदाची जाऊ, शेवंताबाई, हातात तुपाची कासंडी घेऊन वाढत होती. ही बाई कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. तिने माझ्या पानावर दोन रोडगे फोडले, तूप ओतलं, वरण ओतलं, आणि मंदाने स्वतः वांग्याची भाजी वाढली. मोठमोठ्या फोडी, वर काळ्या मसाल्याची तर्री.

मी एक घास घेतला. चव सांगता येणार नाही, कारण गळ्यापर्यंत शेवभाजी होती. नली समोर बसून रोडगा बोटांनी कुस्करत होती, खात नव्हती. मला वाटलं बोलत राहिलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून मी बोलत राहिले. नलीला केनियाबद्दल विचारलं. नली घाईघाईने सिंह, जीप, तंबू असं सांगू लागली. आजूबाजूची माणसं मुकाट जेवत होती आणि आम्ही दोघी त्यांच्या डोक्यावरून परदेश करत होतो.

शेवंताबाई तूप घेऊन परत आली, माझ्या पानाकडे पाहून थांबली. "काय वं बाई, पोट तिकडंच ठेवून आल्या का?"

"खातेय ना," मी म्हटलं.

"कुठी खाऊन राह्यल्या? चिमनी तं याहून जास्त खाते." मग ती वळून मंदाकडे ओरडली, "मंदे! हे पाह्य, जिच्यासाठी हे सारं, तेच जेवत नाई!"

"शेवंते, गप बस," मंदा म्हणाली.

"गप कायले बसू? दोन वरसं झाले तुह्या तोंडात वांगं नाई. वांग्याच्या वावरात राहून! सांग ना तिले."

मंदा ओशाळली. पदराला हात पुसत म्हणाली, "काई नाई वं. तुह्यं ऑपरेशन झालं ना, तवा मी मारोतीले बोलली होती. का सुनी नीट होऊन माह्या वावरात येईन, पंगतीत बसून पोटभर जेवन, तवा मी वांगं तोंडात घालीन. एवढंच."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तं तू आली असती का? म्हनली असती, देवबिव काई नसते. अन् सांगून आनलं, तं तो नवस कायचा?"

तिने माझ्या पानाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. म्हणजे ग्रुपवर तिने काही लिहिलं नव्हतं त्याचं कारण हे. मी "प्रश्न नकोत" म्हटलं होतं, म्हणून तिने प्रश्न विचारला नाही. धुऱ्यावर गेली आणि वांगं सोडलं. दोन वर्षं रोज वांगी तोडली, निवडली, बाजारात मांडली, घरच्यांना रांधून वाढली, आणि स्वतः वरण खाल्लं.

मी करणारी बाई आहे. चुकलं की दुरुस्त करायचं, हे माझं आयुष्यभराचं धोरण. मी पदर खोचला आणि जेवायला लागले. पहिला रोडगा संपवला. भाजीच्या फोडी गिळल्या, चावल्या नाहीत. दुसरा रोडगा तुपात कालवला. शेवंताबाई खूश झाली, "हां, असं!" मंदा माझ्यापुढे उकिडवी बसली आणि माझ्या प्रत्येक घासाकडे पाहत राहिली. तिच्या ओठांवर हसू येत होतं. दुसरा रोडगा अर्धा झाला आणि मला कळलं, आता काही खरं नाही.

मी उठले. धुऱ्याच्या पलीकडे तुरीत कशीबशी पोचले, आणि ढाब्यावरचं व मारोतीचं, सगळं एकदम बाहेर पडलं.

मंदा मागे आलीच. एका हाताने माझं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ. मी सरळ झाले तेव्हा तिचा चेहरा पाहिला. ती पांढरीफटक पडली होती.

"सुने," ती इतक्या हळू बोलली की ऐकायला वाकावं लागलं, "ते परत आलं का वं? खरं सांग. आजार परत आला का?"

यापुढे खोटं बोलायला जागा नव्हती.

"नाही गं. मी बरी आहे. मी जेवून आले होते, मंदे. ढाब्यावर. आम्ही दोघी."

तिने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "बरं झालं माय. मारोतीराया, बरं झालं." तिने मला लोटाभर पाणी दिलं. चूळ भरून झाल्यावर म्हणाली, "मंग आल्याबरोबर सांगाचं ना. रोडगे काय पळून चालले होते? सांजच्यालोक राखेत ठेवले असते. सांजी बसलो असतो."

एवढं साधं होतं. मी एक वाक्य बोलले असते, तर माणसांना फार तर आणखी थोडं थांबावं लागलं असतं, लेकरांना आधी वाढता आलं असतं, आणि संध्याकाळी मी भुकेने जेवले असते. आम्ही लाजेपायी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यानेच सगळं गेलं.

पंगतीत परत आले. एक म्हातारा म्हणाला, "विमानाचा प्रवास बाधते कोनाकोनाले," आणि सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. नली मान खाली घालून बसली होती. शेवटी वाढणाऱ्या बायकांची पंगत बसली, तीत मंदा बसली. तिने स्वतःच्या पानावर रोडगा घेतला, वरण घेतलं. शेवंताबाई भाजीचं भगुणं घेऊन तिच्यापुढे थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि भगुणं तसंच पुढे घेऊन गेली.

वाशीम

परतताना मालेगावच्या पुढे फोन वाजला. मंदाने माझा संदेश ऐकला होता आणि उत्तर पाठवलं होतं, तेही बोलून: "सुने, आत्ता ऐकलं. उशीर झाला म्हून जेवून आली, मले त्रास नोको म्हून, होय ना? चांगलंच मनात आनलं तू. वाईट वाटून घेऊ नोको."

हे मी पुन्हा ऐकलं नाही. एकदाच ऐकलं ते पुरे झालं.

हॉटेलात मी माझ्या सवयीने उपाय काढले. उद्या सगळं सामान आपण न्यायचं, कणीक, तूप, गोवऱ्या, आचारीसुद्धा. माणसांना पुन्हा बोलवायचं. मंदाला फोन केला आणि हे सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू काय माह्या देवाले ऑर्डर देऊन राह्यली का?"

ती रागाने बोलली नाही. मला वाटतं ती हसलीही. पण मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते.

शेलूबाजार

दुसऱ्या दिवशी नागपूरला परत जायचं होतं. सकाळी मी चहासुद्धा घेतला नाही. नलीनेही नाही. आम्ही ठरवून काही बोललो नव्हतो.

शेलूबाजारला त्या दिवशी बाजार होता. रस्त्याच्या कडेने जीप, बैलगाड्या, टमाट्याचे ढीग, गुळाच्या ढेपांवर माश्या. मंदा कुठे बसते ते आम्हाला माहीत होतं. नली गाडीतून उतरेना. "मले तोंड नाई वं," ती म्हणाली. मी एकटीच गेले.

मंदा पोत्यावर बसली होती, पुढे वांग्यांचा ढीग. काटेरी देठाची, जांभळी, पांढऱ्या रेघांची. मी कारखान्यात रोज हजारो वांगी पाहते. सगळी एका मापाची, काचेच्या घरात वाढलेली. ही एकसारखी नव्हती. दोन तर चक्क वाकडी होती.

"आली का?" तिने पोत्यावर सरकून जागा केली. मी बसले. एक गिऱ्हाईक बाई वांगं उचलून देठ दाबून पाहत होती.

"कडू तं नाई ना वं?"

"खाऊन पाहा," मंदा म्हणाली. "साखरेवानी हायेत. लोन्यावानी शिजते."

बाईने पिशवी भरून घेतली. मी मंदाकडे पाहिलं. ती सुट्टे पैसे कनवटीला लावत होती. तिने किती खात्रीने सांगितलं होतं.

"मंदे, मला भूक लागली आहे," मी म्हटलं. "खरी. कालपासून काही खाल्लेलं नाही."

तिने पाठीमागून डबा काढला. कालचे रोडगे कुस्करून, कांदा-मिरची घालून फोडणी दिलेले. बाजूला कालचीच वांग्याची भाजी, रस्सा आटून घट्ट झालेली. तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला. मी तिथेच बसून जेवले. रस्त्यावरून माणसं जात होती, कुणी वळून पाहत होतं, मोटारसायकलचा धूर येत होता. या वेळी चव कळली. रोडग्याला गोवरीचा धुरकट वास होता आणि वांगं खरोखर लोण्यासारखं होतं. मी सगळं खाल्लं. भाजीची शेवटची फोडसुद्धा. झाकणाला लागलेला मसाला बोटाने पुसून घेतला. तिचं दुपारचं जेवण मी संपवलं होतं, हे मागाहून लक्षात आलं.

"पोटभर?" तिने विचारलं.

"पोटभर. अगदी. मंदे, फिटला का आता नवस?"

तिने रिकामा डबा घेतला, पाण्याने खळबळून पाणी बाजूला टाकलं. तिला माझं मन राखायचं होतं, ते दिसत होतं. हो म्हणायला तिला काहीच लागलं नसतं. पण ती मंदा आहे. मारोतीबरोबर तिने जे ठरवलं होतं त्यात ती माझ्यासाठी सूट घेणार नव्हती, जरी ते तिने माझ्यासाठीच ठरवलं होतं.

"पंगतीत म्हनलं होतं मी," ती म्हणाली. "बाजारात नाई."

"मग?"

"मंग काय? वांगं काई पळून जात नाई. दोन वरसं गेले, तिसरं जाईन." तिने ढिगातली चार चांगली वांगी निवडून माझ्या ओटीत टाकली. मी म्हटलं, विमानात नेता येत नाहीत, तिकडे उतरल्यावर फेकून देतात. "तं नलीच्या भावाच्या घरी शिजव. तू खाय. तुले कोनी मनाई केली?"

नवीन गिऱ्हाईक आलं. तिने तराजू उचलला. मी उठले, कपडे झटकले. माफी मागितली तर ती उडवून लावणार हे माहीत होतं. तिने तोलता तोलताच मान वर केली आणि गाडीच्या दिशेने हनुवटी उडवली. नली काचेमागे बसलेली तिला केव्हाच दिसली होती.

"पुढच्या वरसी ये," मंदा म्हणाली. "तिलेही आन. पन उपाशी या."